स्पर्शाआधीची कळ

काही स्त्रियांना कामोत्तेजना येऊ लागली की ओटीपोटात दुखू लागते. संबंध सुरू झालेला नसतो, कित्येकदा जोडीदाराचा हातही लागलेला नसतो. नुसता विचार, एखादे स्वप्न, पडद्यावरचे एखादे दृश्य पुरते. कुणाला बेंबीखाली भरून आल्यासारखे जड वाटते, कुणाच्या जांघेत ओढ लागते, कुणाला माकडहाडाशी ठणका बसतो, कुणाला लघवीच्या जागी जळजळते. काहींचे दुखणे दहा मिनिटांत विरते, काहींचे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळते. मग तपासण्या होतात. सोनोग्राफीच्या कागदावर ‘सर्व काही नॉर्मल’ असा शेरा येतो, आणि त्या कागदासोबत एक सल्ला फुकट मिळतो. अविवाहितेला ‘लग्न झालं की थांबेल’, विवाहितेला ‘एक मूल होऊ द्या’, आणि मुले झालेलीला ‘आता या वयात कशाला लक्ष देता?’

हे दुखणे असते तरी कशाचे? ते शोधायचे तर आधी बाईला विचारायला हवे, आणि दवाखान्यात विचारला जाणारा प्रश्न बहुधा एवढाच असतो : ‘संबंधाच्या वेळी त्रास होतो का?’ जिला संबंधाच्या बऱ्याच आधी दुखायला लागते, किंवा जिचा संबंध कधी आलेलाच नाही, तिने याचे उत्तर काय द्यावे? ‘नाही’ म्हटले की विषय संपतो. ‘हो’ म्हटले की तपासणी योनिमुखाकडे वळते आणि दुखणारी जागा भलतीकडेच राहते.

हा दोष एकट्यादुकट्या डॉक्टरचा नाही. वैद्यकाने स्त्रीच्या लैंगिक वेदनेचे जे कप्पे पाडले, ते बहुतेक सगळे योनिप्रवेशाभोवती पाडले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा जो निदानग्रंथ जगभर वापरला जातो, त्याची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. तोवर संबंधातली वेदना आणि योनीचे आपोआप होणारे आकुंचन ही दोन निदाने वेगळी होती. ती तेव्हा एकत्र केली गेली. पण एकत्र करतानाही सूत्र तेच राहिले : प्रवेशाला अडथळा, प्रवेशाच्या वेळी वेदना, प्रवेशाची भीती, प्रवेशाच्या वेळी स्नायू आवळणे. पुरुषाला वाट मिळते की नाही, एवढ्यावरूनच बाईचे दुखणे मोजले जाते. ज्या दुखण्यात पुरुष अजून आलेलाच नाही, ते या मोजमापात कुठे बसवणार?

म्हणून या व्याख्यानाचा सगळा भर एका वेगळ्या प्रश्नावर आहे. दुखणे केव्हा सुरू होते? उत्तेजनेच्या पहिल्या मिनिटाला? ती वाढत गेल्यावर? परमसुखाच्या क्षणी? की सगळे ओसरल्यावर? ही वेळ नीट विचारली तर पुष्कळशा ‘अनाकलनीय’ दुखण्यांचा ठावठिकाणा हाती लागतो. त्यासाठी उत्तेजनेत शरीर काय करते ते आधी पाहिले पाहिजे.

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी अमेरिकेत सेंट लुइस येथे, प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निरीक्षणे करून लिहिलेला ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची चार टप्प्यांची मांडणी पुढे बरीच वादात सापडली, पण शरीरात दिसणाऱ्या बदलांच्या नोंदी टिकल्या. त्या बदलांच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत : रक्त साठणे आणि स्नायू ताठणे. कमरेच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मज्जातंतूंच्या जोड्यांमार्फत संदेश खाली येतो, धमन्या सैलावतात, रक्त वेगाने आत येते आणि शिरांची जाळी फुगते. अर्ध्या मिनिटाच्या आत योनीच्या भिंतीतून ओलावा पाझरू लागतो. योनीचा आतला भाग रुंदावतो, बाहेरचा एक तृतीयांश भाग रक्ताने फुगून अरुंद होतो. गर्भाशय आकाराने वाढते आणि जागेवरून वर उचलले जाते. परमसुखाच्या क्षणी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू साधारण ०.८ सेकंदाच्या अंतराने लयीत आकुंचन पावतात, आणि त्यांच्याबरोबर गर्भाशयही.

याचा अर्थ काय? बाहेरून काहीही आत गेलेले नसताना ओटीपोटातला जवळजवळ प्रत्येक अवयव फुगतो, हलतो, ताणला जातो. एरवी गुपचूप बसलेला आजार जागा व्हायला एवढी हालचाल पुरेशी आहे. चालताना न दुखणारे, उठताबसताना न दुखणारे एखादे ठिकाण नेमके उत्तेजनेतच दुखते, यात गूढ काही नाही. त्या ठिकाणाला एरवी इतके रक्त आणि इतका ताण मिळतच नाही.

थोडेसे दुखणे तर कोणताही आजार नसताना होते. परमसुख मिळाले की साठलेले रक्त झपाट्याने ओसरते. ते मिळाले नाही तर ओसरायला बराच अधिक वेळ लागतो, कधीकधी काही तास. त्या काळात ओटीपोट जड वाटते, कंबर भरून येते. यात धोका नाही. (एक गोष्ट इथे स्पष्ट केलेली बरी. ‘अर्धवट राहिलं की दुखतं’ ही तक्रार पुरुषांकडून बायकांवर दबाव आणायला वापरली जाते. तसे जडपण दोघांनाही येते, ते आपोआप जाते, आणि ते घालवणे हे समोरच्या माणसावरचे कर्ज नव्हे.) मात्र दर वेळी येणारी, वाढत जाणारी किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारी वेदना या सदरात ढकलता येत नाही.

ती वेदना रक्तवाहिन्यांतून येऊ शकते. पायाच्या शिरा फुगतात हे सगळ्यांनी पाहिलेले असते. ओटीपोटातल्याही फुगतात, पण त्या दिसत नाहीत. हॉवर्ड टेलर या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४९ मध्ये या रक्तसंचयावर सविस्तर लिहिले. १९८४ मध्ये लंडनमधील डॉक्टरांनी ओटीपोट सतत दुखणाऱ्या स्त्रियांच्या शिरांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे घेतली, तेव्हा अनेकींच्या शिरा रुंदावलेल्या आणि त्यांतला प्रवाह मंदावलेला आढळला. गरोदरपणात या शिरांवर फार भार येतो, त्यांच्या झडपा निकामी होतात आणि रक्त उलटे उतरते. डाव्या बाजूला हे अधिक होते, कारण डाव्या बीजांडकोशाची शीर थेट मोठ्या शिरेला न मिळता मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. अशा स्त्रीचे दुखणे ओळखायला सोपे असते, ऐकून घेतले तर. दोन-तीन बाळंतपणे झालेली असतात. दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी ओटीपोट ओढते, आडवे पडले की बरे वाटते, पाळीच्या आधी वाढते. उत्तेजनेबरोबर जडपण येते आणि संबंधानंतर तासन्‌तास ठणकते. पण सोनोग्राफी होते ती आडवे झोपवून, आणि आडवे झोपले की या शिरा रिकाम्या होतात! उभे करून, किंवा निदान पोटावर जोर द्यायला लावून डॉपलर सोनोग्राफी केली तरच उलटा प्रवाह पकडता येतो. कागदावर ‘नॉर्मल’ येण्याचे हे एक अगदी साधे कारण.

यापेक्षा कितीतरी अधिक वेळा दोष स्नायूंचा असतो, आणि सर्वांत कमी तपासले जातात तेही स्नायूच. जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत ओटीपोटाला खालून तोलून धरणारा स्नायूंचा थर असतो. बोलीत त्याला आता सर्रास पेल्विक फ्लोअर म्हणतात. तो ढिला पडला की काय होते हे सर्वांना माहीत आहे : खोकताना लघवी निसटते, अंग बाहेर येते. तो उलट कायमचा आवळलेला राहिला तर? दिवसभर मूठ घट्ट आवळून धरावी तसे होते. स्नायूला रक्त कमी पडते, त्यात दुखऱ्या गाठी धरतात, आणि उत्तेजनेत तो आणखी आवळला गेला की कळ उठते. बद्धकोष्ठात जोर करण्याची सवय, अवघड बाळंतपण, टाके, कंबरेची किंवा माकडहाडाची जुनी इजा, जुनी भीती, अशी कारणे अनेक आहेत. आपल्याकडे आणखी एक आहे. मंडईत भाजी विकणारी बाई, बंदोबस्तावरची पोलीस, एसटीची वाहक, शाळेत स्वच्छतागृह नसलेली शिक्षिका यांना आठ-आठ तास लघवी रोखून धरावी लागते. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने हा प्रश्न स्वच्छतेचा आणि हक्काचा म्हणून मांडला. तो ओटीपोटाच्या स्नायूंचाही आहे.

हे स्नायू तपासायचे कसे? यंत्र लागत नाही. हातमोजा घातलेले एकच बोट, तेही बाईने हो म्हटल्यावर, योनीत थोडे आत नेऊन भिंतीवर घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे एकेका जागी हलके दाबायचे. पाच वाजण्याच्या जागी, सात वाजण्याच्या जागी स्नायूची दोरीसारखी ताठ कड लागते. मग गुडघा बाहेरच्या बाजूला ढकलायला सांगितले की खुब्याकडे जाणारा आतला स्नायू बोटाखाली फुगतो. त्यावर दाब पडताच वर्षानुवर्षे कुणाला पटवून देता न आलेली बाई एकदम म्हणते, ‘हेच. हेच दुखतं मला.’ जे दुखणे सोनोग्राफीत, रक्ताच्या तपासणीत आणि दुर्बिणीत सापडले नव्हते, ते दोन मिनिटांत बोटाखाली येते. ही तपासणी एरवी केली जात नाही, याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. स्त्रीरोगविभागाच्या गर्दीत बोट सरळ गर्भाशयाच्या मुखापर्यंत जाते. वाटेतल्या भिंतीला काय म्हणायचे आहे ते कुणी ऐकत नाही.

आणि इथे एका लोकप्रिय सल्ल्याचा समाचार घ्यायला हवा. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये हे स्नायू आवळून बळकट करण्याचे व्यायाम सांगितले. बाळंतपणानंतर ढिल्या पडलेल्या स्नायूंसाठी ते उत्तम. पण मासिकांतून, मैत्रिणींकडून आणि आता मोबाइलवरून ते सरसकट सगळ्यांना सांगितले जातात. ज्या स्नायूचा आजारच आवळून राहणे हा आहे, त्याला आणखी आवळायला लावले तर दुखणे वाढते. अशा स्त्रीने शिकायचे असते सोडणे.

गर्भाशय वर उचलले जाते हे मघाशी आले. ते मोकळे असेल तर उचलले गेल्याचे कळतही नाही. पण मागच्या बाजूने आतड्याला किंवा अस्थिबंधांना चिकटलेले असेल तर? एंडोमेट्रिओसिसमध्ये नेमके असे होते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशीजाले बाहेर, बीजांडकोशावर, गर्भाशयाच्या मागच्या बंधांवर, आतड्यावर रुजतात. तिथे दाह होतो, नव्या मज्जातंतूंचे धागे फुटतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळीच्या वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगात जवळपास १९ कोटी जणींना हा आजार असतो. ‘पाळीत सगळ्यांनाच दुखतं’ या वाक्याखाली तो वर्षानुवर्षे झाकला जातो. पाळीत असह्य दुखणे, शौचाला जाताना पाळीच्या दिवसांत कळ येणे आणि उत्तेजना वाढत गेल्यावर किंवा परमसुखाच्या क्षणी खोल आत ओढल्यासारखे दुखणे, हे तिन्ही एका बाईत असतील तर हा विचार पहिला यावा. पृष्ठभागावरचे छोटे डाग सोनोग्राफीतही दिसत नाहीत आणि एमआरआयमध्येही नाहीत. म्हणूनच युरोपातील तज्ज्ञसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी, चित्रात काही दिसले नाही म्हणून आजार नाही असे ठरवू नये आणि लक्षणांवरून औषध सुरू करता येते, असे सांगितले. गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तर शिरले असेल तर परमसुखाच्या आकुंचनांत पाळीसारखे पेटके येतात.

भारतात याच्या जोडीला आणखी एक नाव उच्चारावे लागते, क्षयाचे. जननेंद्रियांचा क्षय फुप्फुसाच्या क्षयासारखा खोकत नाही. तो गर्भनलिकांत वर्षानुवर्षे लपून राहतो, चिकटे तयार करतो, आणि बहुधा मूल होत नाही म्हणून तपासणी झाली तेव्हाच सापडतो. गर्भनलिकांचा जुना जंतुसंसर्ग, बीजांडकोशावरची गाठ, पूर्वीच्या सिझेरियनचे चिकटे यांचीही हीच तऱ्हा.

शिश्निकेबद्दल वैद्यकाचे अज्ञान हा तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल. बाहेर दिसणारे टोक हा या अवयवाचा अगदी लहान भाग. त्याच्या दोन लांब शाखा आणि दोन फुगीर कंद आत, हाडाला आणि योनीला लगटून असतात. जर्मन शरीररचनातज्ज्ञ गेऑर्ग कोबेल्ट यांनी १८४४ मध्ये हे चित्रांसह दाखवले होते. ते पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ विसरले गेले, आणि ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांना १९९८ मध्ये विच्छेदन करून पुन्हा दाखवावे लागले. दीडशे वर्षे! उत्तेजनेत हा संपूर्ण अवयव ताठतो. वरची त्वचेची घडी टोकाला चिकटली असेल, खाली साठलेला मळ खड्यासारखा कडक झाला असेल, तर ताठताना तीक्ष्ण, सुई टोचल्यासारखी वेदना होते. चिकटलेली घडी मागे सारून पाहिल्याखेरीज हे कळत नाही, आणि मागे सारून पाहतो कोण? त्वचा पांढरी, पातळ, सुरकुतलेली करणारा लायकेन स्क्लेरोसस हा आजारही ही घडी बुजवतो. त्यावर स्टिरॉइडचे मलम नियमाने लावावे लागते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन इथली त्वचा नाजूक होते, ओलावा आटतो. भारतात पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला जाते, म्हणजे या त्रासाची वर्षे थोडीथोडकी नाहीत. बाळाला अंगावर पाजण्याच्या काळातही असेच होते. दाऊदी बोहरा समाजात लहान मुलींची खतना करण्याची जी प्रथा आहे आणि जिचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे, तिच्यामुळेही या जागी वेदनादायक व्रण राहू शकतो.

राहिल्या मज्जा, म्हणजेच मज्जातंतू. त्रिकास्थीतून निघून या सगळ्या भागाला संवेदना देणारी पुडेंडल मज्जा एका अरुंद बोगद्यातून जाते. ती तिथे दाबली गेली तर दुखणे बसल्यावर वाढते, उभे राहिल्यावर कमी होते, आणि कमोडच्या कड्यावर बसले तर बरे वाटते, कारण मधल्या भागावर दाब येत नाही. हा शेवटचा तपशील ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण निदानाला मोलाचा आहे. कधी दोष आणखी वर, मणक्यात असतो. मज्जेच्या मुळाशी पाण्याच्या गाठी होतात. इसाडोर टार्लोव्ह यांनी त्या १९३८ मध्ये प्रथम वर्णिल्या आणि त्यांच्याच नावाने त्या ओळखल्या जातात. या गाठींमुळे किंवा कंबरेच्या चकतीला चीर गेल्यामुळे काही स्त्रियांना मनात इच्छा नसताना जननेंद्रियांत उत्तेजना येत राहते, तासन्‌तास, नकोशी, दुखरी. सँड्रा लायब्लम आणि शॅरन नेथन यांनी २००१ मध्ये अशा स्त्रियांचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. नैराश्यावरची काही औषधे सुरू करताना किंवा एकदम थांबवतानाही हे होऊ शकते. यांच्यावर ओढवलेली आपत्ती दुहेरी आहे. दुखणे तर आहेच; वर ते सांगावे तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते.

मूत्राशय आणि आतडे शेजारीच आहेत. भरलेल्या मूत्राशयाबरोबर वाढणारे आणि लघवी झाल्यावर उतरणारे दुखणे मूत्राशयाचे. गॅस-शौचाशी बांधलेले आतड्याचे. पोटाच्या भिंतीतच अडकलेली एखादी मज्जाही आतल्या दुखण्याचा आव आणते. ती ओळखण्याची युक्ती जॉन कार्नेट यांनी १९२६ मध्ये सांगितली : दुखऱ्या जागी बोट ठेवायचे आणि बाईला उताणे झोपून मान उचलायला सांगायची. पोटाचे स्नायू ताठले आणि दुखणे वाढले, तर ते भिंतीचे. कमी झाले, तर आतले. खर्च शून्य.

एवढी सगळी चाळण लावूनही काही जणींच्या बाबतीत काहीच सापडत नाही. मग दुखणे मनाचे का? हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, त्या सुरात त्याला उत्तर नाही. वेदना कुणाचीही असो, ती मेंदूतच जाणवते, मोडलेल्या हाताचीसुद्धा. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले की खालून येणारे संदेश मज्जारज्जूच्या दारातच कमीजास्त केले जातात. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगाने दाखवले की सतत मार बसत राहिला तर मज्जारज्जूच हळवा होतो, आणि मग हलका संदेशही मोठा होऊन वर जातो. मूळ जखम भरून आली, जंतुसंसर्ग गेला, तरी ही वाढलेली संवेदनशीलता मागे राहू शकते. ती असेल तर रक्त साठण्याची नेहमीची, निरोगी जाणीवच कळ म्हणून पोचते.

भीतीचाही वाटा असतो, पण कसा, हे नीट पाहिले पाहिजे. ॲमस्टरडॅममध्ये झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांना चित्रफितींचे तुकडे दाखवून त्यांच्या स्नायूंची विद्युत्‌नोंद घेतली. धमकावणारे दृश्य आले की ओटीपोटाचे स्नायू आवळले गेले. दृश्य लैंगिक असो वा नसो. त्याच क्षणी मानेच्या मागचा, खांद्याचा स्नायूही आवळला गेला. योनीच्या तक्रारी असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांत. म्हणजे संकटात खांदे वर उचलतात तसाच हा तळही आवळला जातो. त्यासाठी बाई ‘थंड’ असावी लागत नाही किंवा तिला नवरा नकोसा असावा लागत नाही. एकदा उत्तेजना आणि वेदना यांची जोडी जमली की पुढच्या वेळी उत्तेजनेची चाहूल लागताच स्नायू आपोआप पवित्रा घेतात. लहानपणी किंवा लग्नात झालेल्या अत्याचारांनी ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याचा धोका वाढतो, हे खरे. म्हणून दुखणाऱ्या प्रत्येक बाईच्या मागे अत्याचार शोधत बसणे मात्र चुकीचे, आणि तसा इतिहास कळला की शरीर तपासणे सोडून देणे त्याहून चुकीचे.

आता आपल्याकडे थोडे वळू. लैंगिक तक्रारी मराठीत उघड छापल्या गेल्या त्याला शंभर वर्षे होत आली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. प्रश्न विचारण्याचा हक्क इतक्या वर्षांपूर्वी लढला गेला, तर सोनोग्राफी केंद्रात आज काय चालते? ‘मॅरीड की अनमॅरीड?’ हा पहिला प्रश्न. अनमॅरीड म्हटले की योनीतून करायची सोनोग्राफी आपोआप रद्द; चार ग्लास पाणी पाजून पोटावरूनच करायची. तपासणी नाकारण्याचा हक्क त्या मुलीचा आहे, तो रिसेप्शनवरच्या फॉर्मने बजावायचा नसतो. आणि लग्न झालेल्या बाईला तरी मोकळे विचारले जाते का? सासू शेजारच्या खुर्चीवर असते. ‘कंबर दुखते’, ‘अंगावरून पांढरं जातं’, एवढ्यावरच तिचे बोलणे थांबते.

न बोललेल्या दुखण्याचा शेवट कुठे होतो, ते बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ओटीपोटात दुखते, पांढरे जाते, पाळीत खाडा होतो आणि मजुरी बुडते. उपाय काय, तर पिशवी काढा. तिशीतल्या बाईची! दुखणे स्नायूचे किंवा मज्जेचे असेल तर पिशवी काढून ते जात नाही. बीजांडकोशही काढले असतील तर ऐन तिशीत पाळी गेल्याचा कोरडेपणा आणि हाडांची झीज वर पदरी येते.

उपचार ठरतो तो जागेवरून. आवळलेल्या स्नायूंसाठी ओटीपोटाची फिजिओथेरपी : पोटातून श्वास, स्नायू सोडण्याचा सराव, बोटाने दुखऱ्या गाठी सैल करणे, आणि लघवी-शौचाच्या सवयी सुधारणे. याला महिने लागतात, आणि असे फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांबाहेर विरळाच. गावच्या आशा स्वयंसेविकेने चिठ्ठी द्यायची तर कुणाच्या नावे, हा खरा प्रश्न आहे. फुगलेल्या शिरा रेडिओलॉजिस्ट आतून बारीक तारेची वेटोळी घालून बंद करू शकतात, पोट न फाडता. एंडोमेट्रिओसिसला हार्मोनच्या गोळ्या आणि निवडक जणींना दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पाळी गेलेल्यांना योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम. क्षयाला क्षयाची औषधे, पूर्ण मुदतीची. दाबलेल्या मज्जेला भूल देणारे इंजेक्शन, जे निदानालाही उपयोगी पडते.

कारण न सापडलेल्यांना मज्जांची औषधे सर्रास लिहून दिली जातात. त्यांतल्या गॅबापेंटिनची ब्रिटनमध्ये ३०६ स्त्रियांवर पद्धतशीर चाचणी झाली. २०२० मध्ये निष्कर्ष आला की ते खोट्या गोळीपेक्षा सरस नाही, झोप आणि चक्कर मात्र वाढवते. तरी ते अजून लिहून दिले जाते. काही लक्षणांना मात्र थांबायला वेळ नसतो. एका बाजूला अचानक उठलेली असह्य कळ, पाळी चुकलेली असताना दुखणे, ताप, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता येऊन लघवी तुंबणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुखण्याचे मूळ सापडून त्यावर इलाज झाला तरी शरीराने घेतलेला पवित्रा लगेच सुटत नाही. त्यासाठी मास्टर्स आणि जॉन्सन यांनीच १९७० मध्ये मांडलेली स्पर्शाची पद्धत आजही वापरात आहे. काही आठवडे संबंध पूर्ण बंद ठेवायचा, दोघांच्या संमतीने आणि ठरवून. सुरुवात हात, पाठ, केस यांच्या स्पर्शापासून. स्तन आणि जननेंद्रिये पहिल्या टप्प्यात वर्ज्य. स्त्रीने वेदनेला दहापैकी गुण द्यायचे आणि तीनच्या वर गेले की थांबायचे, कारण न सांगता. एका वहीत तीन गोष्टी टिपायच्या : उत्तेजना जाणवल्यापासून किती वेळाने दुखू लागले, कुठे दुखले आणि किती वेळ टिकले. जिला जोडीदार नाही तिनेही हीच वही ठेवायची. फिजिओथेरपिस्ट दर भेटीत ती वाचते आणि पुढच्या आठवड्याचा स्पर्श कुठवर न्यायचा ते त्यावरून ठरवते.